मातृत्वाची तहकुबी

पुण्याजवळच्या ज्या हिंगण्याच्या माळावर धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी आश्रम उभारला, त्या परिसराला आज कर्वेनगर म्हणतात. आणि त्यांच्या संस्थेने १९९१ साली तेथे काढलेल्या मुलींच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या स्त्रिया नोकरी, परदेश, बढती आणि घराचे हप्ते यांचा क्रम लावता लावता पस्तिशीला टेकतात, तेव्हा स्त्रीबीजे गोठवून मातृत्व तहकूब ठेवण्याची वैद्यकाने काढलेली नवी तजवीज त्यांच्या कानी पडल्यावाचून राहत नाही. धोंडो केशवांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि त्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातील प्राध्यापकीवर पाणी सोडले. मूल नाकारण्याचा स्त्रीचा अधिकार त्यांनी मांडला खरा, परंतु ‘आत्ता नको, पुढे हवे’ हा तिचा अर्ज मंजूर करण्याचे सामर्थ्य त्या काळच्या शास्त्रात नव्हते.

स्त्रीबीजे जन्मापूर्वीच घडलेली असतात. वयाबरोबर ती घटतात आणि उरलेल्यांत गुणसूत्रांची वाटणी चुकू लागते. हे बीज म्हणजे मोठी, जलपूर्ण पेशी असल्यामुळे सावकाश गोठवल्यास आत हिमस्फटिक होऊन ती फाटू शकते. म्हणून तिच्यातील बरेचसे पाणी काढून, तिला क्षणार्धात उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवतात. त्याआधी दहा-बारा दिवस इंजेक्शने, वारंवार सोनोग्राफी आणि शेवटी भूल देऊन सुईने बीजे काढणे, हे सोसावे लागते. गोठवलेल्या बीजापासून पहिले मूल १९८६ साली ऑस्ट्रेलियात जन्मले. आपल्याकडे ही गोष्ट घरोघरी पोहोचली ती माजी विश्वसुंदरी डायना हेडन यांना २०१६ साली अशाच बीजापासून कन्या झाली तेव्हा.

गंमत अशी, की पंचविशीत बीजे उत्तम असतात पण गोठवण्याची निकड नसते, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर निकड पटते तेव्हा बीजे थोडी व थकलेली असतात. शिवाय रघुनाथरावांची साधने सामान्यांसाठी होती. ही सोय लाखाच्या घरात जाते, वर दरसाल साठवणशुल्क. तहकुबी मागते कोण, स्त्री की तिला बाळंतपणाची रजा द्यायला कुरकुरणारी कचेरी, असा संशय मला येतो.

साहाय्यक प्रजननाविषयीच्या २०२१ च्या कायद्याने अविवाहितेलाही मुभा दिली, उपचारांसाठी वयाची मर्यादा पन्नाशीच्या आत ठेवली. परंतु बीज तिशीचे राहिले तरी गर्भ वाहणारा देह पंचेचाळिशीचाच असतो. रक्तदाब आणि मधुमेह त्याच वयाचा हिशेब मागतात. तेव्हा संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी किती बीजे गोठवणार हे विचारून थांबू नये; या दवाखान्यात वितळवलेल्या बीजांपासून आजवर किती मुले जन्मली, हेही विचारावे, आणि उत्तर लेखी मागावे.