साहसकथेतील वाटाड्या

अजिंठ्याच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एका खांबावरील जुन्या चित्रावरच जॉन स्मिथ हे नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरडलेली आहे. लेणे पाहावयास जाणाऱ्या माणसाला हे नाव सहजासहजी दिसत नाही, कारण ते त्याच्या डोक्याहून उंचावर येते. स्मिथ विलक्षण उंच होता असे मात्र नव्हे. त्या काळी लेण्याच्या तळाशी माती आणि दगडगोटे यांचा कित्येक फूट थर साचलेला होता, आणि त्यावर उभे राहून त्याने आपले नाव लिहिले. पुढे लेणी साफ झाली, माती निघाली, आणि नाव तेवढे वर राहून गेले.

स्मिथ हा मद्रासच्या फौजेतील घोडदळाचा अधिकारी होता आणि वाघाच्या शिकारीसाठी वाघूर नदीच्या खोऱ्यात आला होता. पलीकडच्या कड्यावरून त्याला झाडोऱ्यात दडलेली एक कोरीव कमान दिसली, आणि अजिंठ्याच्या लेण्यांचा ‘शोध’ लागला. ही हकीकत ज्या रूपात सांगितली जाते, त्यात पुष्कळदा वाट दाखविणारा एक गुराखी पोरगाही येतो. तो पुढे चालतो, वेली बाजूला सारतो, लेण्याच्या तोंडाशी पाहुण्याला नेऊन पोहोचवितो, आणि तेथेच कथेतून नाहीसा होतो. प्रचलित हकीकतीत त्याला नाव नाही. हा पोरगा खरोखरीच होता की सांगणाऱ्यांनी मागाहून घातला, हा प्रश्न वेगळा. परंतु अरण्यातील साहसकथा कशी घडते आणि तिच्यात काय राहून जाते, हे समजून घ्यावयाचे असेल तर त्याच्यापासून आरंभ करणे सोयीचे आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी वाङ्मयात साहसकथेला मोठा बहर आला. जेम्स फेनिमोर कूपर याची ‘लास्ट ऑफ द मोहिकन्स’ ही कादंबरी १८२६ सालची, आणि रायडर हॅगार्ड याची ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ ही १८८५ सालची. अशा कथांचा साचा थोडक्यात सांगता येतो. दूरचे निबिड अरण्य, त्यात दडलेले गूढ, ते उकलण्यास निघालेला परका वीर, आणि त्याच्या सोबतीला त्या भूमीचा एक निष्ठावान रहिवासी. वीराला अज्ञात असलेला प्रदेश हा सर्वांनाच अज्ञात असतो, हे गृहीत या साच्याच्या मुळाशी आहे. अजिंठ्यापुरते बोलायचे तर ते गृहीत उघडच खोटे होते. १८२४ साली अलेक्झांडर नावाचा दुसरा एक इंग्रज अधिकारी ही लेणी पाहावयास निघाला, तेव्हा वाघांचे आणि भिल्लांचे भय त्याला आधीच सांगण्यात आले होते. म्हणजे त्या दरीत माणसांचा वावर होता, हे आजूबाजूच्या गावांना पक्के ठाऊक होते. लेण्यांनजीकच्या गावाला लेणापूर म्हणतात आणि दरीतून वाहणारी नदी ती वाघूर. ज्यांच्या बोलण्यात ही नावे रुळली, त्यांना लेणे कोठे आहे आणि वाघ कोठे आहे, हे कोणा शिकाऱ्याने सांगावयास नको होते.

याच डोंगररांगेत पश्चिमेकडे कन्नडचा घाट आहे. छत्रपती संभाजीनगरहून चाळीसगावकडे जाणारा प्रवासी या घाटाने खानदेशात उतरतो. इंग्रजी अंमलाच्या आरंभी सातमाळ्यातील भिल्लांनी त्या सत्तेला पुष्कळ वर्षे दाद दिली नाही. त्यांना वश करण्यासाठी १८२५ साली कन्नड येथे भिल्ल एजन्सी स्थापन झाली, आणि त्याच सुमारास जेम्स औट्रम याने खानदेशात धरणगाव येथे भिल्लांची पलटण उभी केली. घाटाला पुढे औट्रमचेच नाव पडले. ज्यांनी त्या घाटातील पाणवठे आणि चोरवाटा पिढ्यान्‌पिढ्या राखल्या, त्यांच्यापैकी एकाचेही नाव नकाशावर आले नाही. लेण्यातील खांबावर जे घडले, तेच घाटाच्या बाबतीतही घडले.

तथापि कथा एकदाच सांगितली जाते असे नाही. ती पुन्हा सांगता येते आणि सांगणारा बदलला की तिचा नायकही बदलतो. अजिंठ्याचीच दुसरी हकीकत याला साक्ष आहे. १८४४ साली रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. चित्रकार म्हणून त्याची जेवढी ख्याती होती, तेवढीच शिकारी म्हणूनही होती. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या चित्रांपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली लागलेल्या आगीत जळून गेली. गिलच्या आयुष्यात पारो नावाची एक स्थानिक स्त्री होती. ती १८५६ साली वारली, आणि अजिंठा गावी तिच्या थडग्यावर गिलने तिच्या नावाचा शिलालेख बसविला. ना. धों. महानोर या त्याच डोंगराच्या पायथ्याच्या पळसखेड्याच्या कवीने ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिले, त्यात पारो ही केवळ गोऱ्या चित्रकाराची सोबतीण उरली नाही. तिच्यामुळेच परक्याला तो डोंगर आपला वाटू लागतो. येथे वाट दाखविणारे माणूस प्रथमच नावानिशी कथेच्या मध्यावर येऊन उभे राहिले.

नाव मिळाले म्हणजे सर्व मिळाले असे मात्र नाही. वनवासी समाजाच्या चालीरीती साहसकथेत बहुधा दोनच प्रकारांनी येतात; एक तर भाबडी समजूत म्हणून, नाही तर ढोल आणि मशाली यांची शोभा म्हणून. वस्तुतः या चालीरीती म्हणजे अरण्यात राहण्याचे नियम होत. सह्याद्रीतील आणि सातपुड्यातील अनेक जमाती वाघदेव पूजितात. ज्या वाटेने आपली गुरे जातात त्याच वाटेने वाघही जातो, आणि दोघांनाही ती वाट लागते, याची ती वर्षावर्षाला दिलेली आठवण आहे. देवराईतील झाड तोडू नये, हा निर्बंधही तसाच. देवाच्या नावाने राखलेल्या त्या झाडीने गावचे झरे आणि दुर्मीळ वनस्पती राखल्या. जी कथा हे नियम जाणते, तिच्यात साहसाचे स्वरूपच पालटते. संकट बाहेरून चालून येत नाही. नियम मोडला की ते आतूनच उभे राहते.

मराठीत याचे ठसठशीत उदाहरण म्हणजे गो. नी. दांडेकर यांची ‘जैत रे जैत’ ही कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकरांवरील कादंबरी. तिच्यावरून जब्बार पटेल यांनी १९७७ साली चित्रपट काढला, आणि त्याची गीते महानोरांनीच लिहिली. नाग्या हा ठाकर तरुण लिंगोबाच्या डोंगरावरील आग्या मोहोळाच्या राणीमाशीवर सूड घेण्याची प्रतिज्ञा करतो. कडा उभा आहे, माशा जीवघेण्या आहेत आणि मनुष्य एकटा आहे. साहसकथेला याहून अधिक काय हवे? अखेरीस नाग्या जिंकतो, मोहोळ उतरते. परंतु त्याच्या पाठीशी उभी राहिलेली चिंधी त्या माशांच्या डंखांनी मरते. ‘जैत’ म्हणजे जय. तो जय कोणाच्या जिवावर मिळाला, हे कथा वाचकाला विसरू देत नाही.

रशियात असाच एक ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. व्लादिमीर आर्सेन्येव हा लष्करी अधिकारी उस्सुरी नदीकडील अरण्याची मोजणी करावयास गेला असता त्याला देर्सू उझाला हा वनवासी शिकारी वाटाड्या म्हणून लाभला. स्मिथने खांबावर स्वतःचे नाव लिहिले. आर्सेन्येवाने आपल्या पुस्तकाला वाटाड्याचे नाव दिले. देर्सू अग्नीला, पाण्याला आणि वाघाला माणसेच समजून त्यांच्याशी बोलतो, आणि त्याच्या त्या समजुतीमुळेच मोजणीदारांचे प्राण वाचतात. म्हातारपणी दृष्टी अधू झाल्यावर तो शहरात राहावयास येतो, पण तेथे त्याचा जीव रमत नाही. परत निघालेला असताना वाटेतच त्याचा खून होतो. पुढे आर्सेन्येव त्याचे थडगे शोधीत गेला, तेव्हा तेथे वस्ती वाढलेली होती, दगडाची खाण सुरू झाली होती, आणि खुणेची झाडे नाहीशी झाली होती. थडगे सापडले नाही. वाटाड्या गेला त्यापाठोपाठ त्याचे अरण्यही गेले.

अजिंठ्याच्या डोंगरातही हेच घडत गेले. ज्या खोऱ्यात स्मिथ वाघ मारावयास आला, तेथून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाघ नाहीसा झाला. शिकार हे त्याचे एक कारण. लाकूडतोड, शेतीसाठी मोकळी झालेली जमीन आणि गुरांची अतोनात चराई ही दुसरी. हे पानझडी अरण्य कमी पावसाच्या मुलखातील. एकदा उघडे पडले की ते लवकर भरून येत नाही, आणि झाडी गेलेल्या उतारावरून माती सुटते. १९८६ साली या डोंगरात गौताळा औट्रमघाट अभयारण्य झाले. २०२१ च्या मार्च महिन्यात तेथील स्वयंचलित कॅमेऱ्यात एक तरुण वाघ टिपला गेला. तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून शेते, रस्ते आणि गावे ओलांडीत शेकडो किलोमीटर चालत आला होता. वयात आलेल्या नराला स्वतःचे क्षेत्र शोधावेच लागते, आणि टिपेश्वरसारख्या लहान अरण्यात ते सर्वांना पुरत नाही. सुमारे आठ दशकांनंतर सातमाळ्यात वाघाचे पाऊल उमटले. त्याच वर्षी ऑगस्टअखेर अतिवृष्टीने कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या आणि वाहतूक बंद पडली. एकाच डोंगराने एका वर्षात दिलेल्या या दोन वार्ता आहेत; एक आशेची आणि एक इशाऱ्याची.

नव्या साहसकथेचा विषय येथेच आहे. तिचा नायक शिकारी नसला तरी चालेल. रात्री कापसाच्या शेतांतून निघालेला वाघ हाही नायक होऊ शकेल. तिच्यातील उत्कंठा वाघ मरतो की नाही ही नसून, त्याला चालावयास वाट उरली आहे की नाही, ही असेल. त्या वाटेचे ज्ञान ज्यांच्यापाशी आहे त्या वननिवासींचे हक्क मान्य करणारा कायदा २००६ साली झाला. कथेनेही त्यांना केवळ सोबती म्हणून न वागविता जाणकार म्हणून मान द्यावयास हवा.

सुट्टीत मुलांच्या हाती साहसाचे पुस्तक देणाऱ्या घरांनी एवढे करावे. पुस्तक संपल्यावर मुलांना तीन प्रश्न विचारावेत. या अरण्यात वाट कोणी दाखविली? त्याचे नाव काय? आणि कथा संपली तेव्हा अरण्य आरंभी होते तसेच राहिले काय? ज्या पुस्तकात या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सापडतात, ते मुलांनी पुन्हा वाचावे. आणि अजिंठ्यास जाण्याचा योग आला, तर दहाव्या लेण्यातील ते उंचावरचे नाव त्यांना दाखवून, ज्याचे नाव तेथे नाही त्याच्याविषयीही सांगावे.