इन्सुलिनची घडण आणि ‘भाषांतरण’ ही संज्ञा

जीवविज्ञानाने भाषेच्या अभ्यासातून उसन्या घेतलेल्या संज्ञांची संख्या लहान नाही. संकेतलिपी, प्रतिलेखन, भाषांतरण हे शब्द मराठी पाठ्यपुस्तकांतही आता रुळले आहेत. प्रथिनांच्या निर्मितीस ‘भाषांतरण’ म्हणणे कितपत यथार्थ आहे, हे पाहावयाचे तर एखाद्या प्रथिनाचा प्रवास आरंभापासून पाहणे इष्ट ठरेल. इन्सुलिन हे त्यासाठी उत्तम उदाहरण होय.

स्वादुपिंडातील बीटा पेशींत इन्सुलिन तयार होते. केंद्रकातील जनुकाची प्रत संदेशवाहक आरएनएच्या रूपाने पेशीद्रव्यात येते आणि रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचतो. असे ६४ गट संभवतात. त्यांपैकी ६१ गट २० अ‍ॅमिनो आम्लांचे निदर्शक असून उरलेले तीन विरामचिन्हाचे काम करतात. प्रत्येक गटासाठी अ‍ॅमिनो आम्ल ठरलेले असते. मागचापुढचा संदर्भ किंवा मजकुराचा आशय पाहण्याचा प्रश्नच बहुधा उद्भवत नाही. अशा व्यवहारास भाषेचा अभ्यासक भाषांतर म्हणणार नाही, लिप्यंतर म्हणेल. भाषांतरकारास अर्थ कळावा लागतो. रायबोसोमला तो कळण्याची गरज नाही.

या लिप्यंतरातून ११० अ‍ॅमिनो आम्लांची साखळी निघते. रक्तात वाहणाऱ्या इन्सुलिनमध्ये मात्र ती ५१ च असतात. उरलेली ५९ गळतात. परंतु ती निरर्थक होती असे समजणे चुकीचे ठरेल.

साखळीच्या आरंभीची २४ अ‍ॅमिनो आम्ले म्हणजे प्रथिनाने कोठे जावयाचे याचा संकेत होय. (संकेत म्हणजे भेटीसाठी ठरविलेले ठिकाण, हा या शब्दाचा जुन्या काव्यातील अर्थ येथे अनपेक्षितपणे चपखल बसतो.) ग्युंटर ब्लोबेल यांनी डेव्हिड सबातिनी यांच्यासह १९७१ मध्ये ही कल्पना मांडली, १९७५ मध्ये ती प्रयोगांनी दृढ केली आणि १९९९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. साखळी रायबोसोममधून बाहेर डोकावू लागताच एक कण त्या संकेतास चिकटतो, पुढील वाचन रोखून धरतो आणि रायबोसोमला आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलावर नेतो. तेथे वाचन पुन्हा सुरू होऊन साखळी पटलातील छिद्रातून आत सरकते आणि संकेताचा भाग कापला जातो.

नवल असे की, या संकेतास ठराविक वर्णक्रम नाही. निरनिराळ्या प्रथिनांचे संकेत शेजारी मांडले, तर त्यांत एकही अक्षर सर्वत्र समान आढळत नाही; फक्त मध्यभागी पाण्यापासून दूर राहू पाहणाऱ्या अ‍ॅमिनो आम्लांची सलग रांग असते. यीस्टमध्ये १९८७ साली केलेल्या प्रयोगात तर यादृच्छिक क्रमांपैकी सुमारे एक-पंचमांश क्रम संकेत म्हणून चालून गेले. येथे शब्द ओळखला जात नाही, वर्ग ओळखला जातो. ‘जगत्’ आणि ‘ईश’ यांचा ‘जगदीश’ होतो तो ‘ई’ या विशिष्ट वर्णामुळे नव्हे, तर पुढे घोष ध्वनी आहे म्हणून. त्यातलाच हा प्रकार. याउलट जालिकेतच राहावयाच्या अनेक प्रथिनांच्या शेवटी लायसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, ल्युसिन हा चौघांचा क्रम अक्षरशः लिहिलेला असतो. ही प्रथिने गॉल्गी संकुलात पोहोचली तरी त्यावरून ओळखली जाऊन परत पाठविली जातात. एकाच पेशीत दोन्ही पद्धती नांदतात.

जालिकेत साखळीची घडी बसते आणि गंधकाचे तीन बंध जुळतात. मधला ३१ अ‍ॅमिनो आम्लांचा तुकडा, ज्यास सी-पेप्टाइड म्हणतात, तो दोन्ही बाजूंना योग्य रीतीने समोरासमोर आणतो. घडी चुकल्यास काय होते हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसून आले. इन्सुलिनच्या जनुकात एका सिस्टीनच्या जागी टायरोसिन येईल एवढा बदल झाला, तर एक बंध जुळत नाही. मग प्रथिन जालिकेतच अडकते, पेशीवर ताण पडून ती निकामी होते आणि अर्भकास पहिल्या काही महिन्यांतच मधुमेह जडतो. जनुकाची दुसरी प्रत निर्दोष असूनही हे टळत नाही. त्या सदोष संदेशाचे वाचन रायबोसोमने अगदी बिनचूक केलेले असते, ही गोष्ट ‘भाषांतरण’ या संज्ञेवर विसंबणाऱ्याने विसरू नये.

घडी नीट बसलेली साखळी पटलाच्या सूक्ष्म पिशव्यांतून गॉल्गी संकुलाकडे आणि तेथून साठवणीच्या कणिकांत जाते. हा मार्ग जॉर्ज पलाडे व जेम्स जेमिसन यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडावर, किरणोत्सर्गी ल्युसिनचा माग काढून, १९६७ मध्ये दाखवून दिला. ते काम पाचक विकरांविषयीचे असले तरी इन्सुलिनची वाटही तीच आहे. बरीच प्रथिने वाटेत शर्करेच्या साखळ्या अंगावर वागवितात. इन्सुलिन त्यांतले नव्हे. त्याच्यावर होणारा संस्कार कापणीचाच. कणिकांत सी-पेप्टाइड आणि सांध्यांवरची चार अ‍ॅमिनो आम्ले वेगळी होतात आणि २१ व ३० अ‍ॅमिनो आम्लांच्या दोन साखळ्या गंधकबंधांनी जोडलेल्या राहतात. प्रत्येकी सहा रेणू जस्ताभोवती एकत्र येऊन साठविले जातात.

रक्तात साखर वाढली की कणिका पेशीच्या पटलाशी एकरूप होऊन आतील द्रव्य बाहेर टाकतात. तोडलेला सी-पेप्टाइडही इन्सुलिनच्या बरोबरीच्या संख्येने रक्तात येतो. बाहेरून टोचलेल्या शुद्ध इन्सुलिनमध्ये तो नसतो. त्यामुळे इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाच्या स्वतःच्या पेशी अद्याप किती काम करीत आहेत, हे वैद्य त्या टाकून दिलेल्या तुकड्याच्या मोजणीवरून ठरवितात.