पहाटे रुसणारी गाडी

उसाचा हंगाम भरात आला की ढोकीत पहाटे गारठा बोचतो. लातूर-बार्शी रस्त्यालगत रात्रभर उभी असलेली, गॅस किट बसवलेली व्हॅन मग चार-पाचदा स्टार्टर मारल्याशिवाय उठत नाही. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे असले, तर तो वेळ फार मोठा. दुपारी तीच गाडी एका किल्लीत चालू! शिव्या बॅटरीला बसतात. पण स्टार्टर जोमाने फिरत असेल, तर बॅटरी निर्दोष.

इंजेक्शनच्या गाडीत किल्ली 'ऑन' केली की टाकीतला पंप एक-दोन सेकंद गुणगुणतो आणि नळीत पेट्रोलचा दाब भरतो. पंपातला एकतर्फी व्हॉल्व्ह सैल झाला, की रात्रीत तो दाब उतरतो. परीक्षा फुकटची आहे, कान तेवढा हवा. स्टार्टर न मारता किल्ली तीनदा 'ऑन-ऑफ' करा, दरवेळी गुणगुण पुरती संपू द्या. मग गाडी लगेच उठली, तर दाब गळतोय. पेट्रोलचा वास आणि काळा धूर आला, तर इंजेक्टर ठिबकत असावा. गुणगुणच नसेल, तर फ्यूज, रिले आणि किट बसवताना जोडलेल्या वायरी आधी पाहा.

गॅस स्वस्त म्हणून पेट्रोल तळाशीच ठेवायचे, ही आपली जुनी खोड. पंपाला थंड ठेवते ते पेट्रोलच! थेट गॅसवर सुरुवातही नको. रिड्युसरला इंजिनचे गरम पाणी लागते. शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्यातले काही आपल्याच उसाचे. गारठ्यात त्याची वाफ सहज होत नाही.

मेस्त्री नवा पंप सुचवील. आधी प्रेशर गेज लावायला सांगा.