पोषण आहार मुलाचा की हजेरीपटाचा?

‘सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला सरकार दुपारचं जेवण देतं’ हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की कुणी तपासायला जात नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ मधलं कलम ५ जेवणाची जागाही ठरवून देतं: सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळा. त्यामुळे वीटभट्टीवर राहणारं, कुठल्याच शाळेत नाव नसलेलं मूल त्यात बसत नाही. घरी शिकणारं किंवा मुक्त विद्यालयातून परीक्षा देणारंही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागांतून विनाअनुदानित खासगी शाळेत गेलेल्या गरीब घरच्या मुलालाही हे जेवण नाही. तिथे फी माफ, पण डबा घरचाच.

हे असं का, ते शाळेच्या स्वयंपाकघरात कळतं. मुख्याध्यापक हजर मुलं मोजतात, आकडा नोंदवतात आणि त्या आकड्यावर तांदूळ निघतो. पहिली ते पाचवीला डोई १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. प्राथमिकची चाळीस मुलं आली तर चार किलो. भावाचं बोट धरून आलेली, पटावर नसलेली मुलगी दाराशी उभी राहिली तर स्वयंपाकाच्या मावशी तिच्या ताटलीत दोन घास घालतातही. पण त्या दोन घासांना नोंदवहीत रकाना नाही.

मात्र याच्या उलटा गैरसमज जास्त नुकसान करतो, तो म्हणजे शाळा सुटली की जेवणाचा हक्कही सुटला. दिवाळीच्या सुमारास बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीला कोयते निघतात, त्यांच्यासोबत मुलंही. नाव गावच्या पटावर आणि मूल साखर कारखान्याच्या पट्ट्यात, कोपीत. खरं तर स्थलांतरित मुलांसाठीचं शिक्षण हमी पत्रक घेऊन ते तिथल्या शाळेत बसू शकतं आणि तिथेच जेवू शकतं. आधीच्या शाळेचा दाखला यायचा आहे म्हणून प्रवेश लांबवता येत नाही, हे आरटीईच्या कलम ५ मध्येच आहे. वयाचा पुरावा नाही म्हणूनही कुणाला परत पाठवता येत नाही. मागे आजी-आजोबांकडे राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, तिथे राहण्या-जेवणाची सोय होते. अडचण एवढीच की मुकादमाची गाडी पहाटे निघते आणि त्या धांदलीत हमी पत्रक घ्यायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही. त्याच कुटुंबाचं रेशन आता देशात कुठल्याही दुकानात उचलता येतं. मुलाची ताटली एवढी फिरती व्हायला काय हरकत होती, हे मला आजवर कळलेलं नाही.

आधार नाही म्हणून जेवण नाही, असं सांगणारेही भेटतात. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात स्पष्ट म्हटलंय की आधार क्रमांक देता आला नाही म्हणून कुठल्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही.

उशिरा दाखल झालेल्या, वयानुसार वरच्या वर्गात बसवलेल्या मुलांना आधी विशेष प्रशिक्षण केंद्रात तयार करतात. ‘ती काही खरी शाळा नव्हे’ असं समजून तिथे जेवणाची चौकशीच होत नाही. पण शाळेतलं जेवण ज्या पीएम पोषण योजनेतून येतं, तिच्यात ही केंद्रंही आहेत. आणि सहा वर्षांखालच्यांना शाळेच्या पटाची गरजच नाही. त्यांचा आहार अंगणवाडीतून येतो.

राहिला प्रश्न शाळा चालू असून जेवण शिजलंच नाही तर काय, याचा. धान्य संपलं, इंधन नव्हतं, स्वयंपाकी आले नाहीत, अशा दिवसांसाठी २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांत अन्न सुरक्षा भत्ता आहे. धान्य आणि शिजवण्याचा खर्च पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मुलाला द्यायचा असतो. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस चूल पेटली नाही तर राज्याने जबाबदारी निश्चित करायची. हा भत्ता मागितला म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत खडाजंगी झाली, असं अजून तरी फारसं ऐकिवात नाही.