जकात गेली, हिशेब दिल्लीत गेला

पूर्वी आम्ही गोडदेवचे दुकानदार माल आणला की कर पालिकेलाच भरत होतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला; जकात-एलबीटीऐवजी राज्य सरकार महापालिकांना भरपाई देऊ लागले, दरसाल ८ टक्के वाढ धरून. राज्याला केंद्राची हमी होती, पाच वर्षे, १४ टक्के वाढीची. पैसा यायचा उपकरातून (तो कापडावर नव्हता, मोटारी, तंबाखू वगैरेंवर होता). २०२०च्या टाळेबंदीत उपकर आटला. केंद्रातील भाजप सरकार म्हणाले, राज्यांनी कर्ज काढावे; महाराष्ट्रातील आघाडी सरकार म्हणाले, केंद्रानेच काढावे. ऑगस्टपासून ही तकरार. ऑक्टोबरात केंद्राने १.१० लाख कोटी रुपये उचलून राज्यांना देण्याचे कबूल केले. आमच्या धंद्यातही वरच्या व्यापाऱ्यांचे वाजले की माल खालच्याचा अडतो. हमी ३० जून २०२२ला संपली; काही राज्यांनी मुदतवाढ मागितली, मिळाली नाही.