व्यापाऱ्यांची आघाडी : अर्थ आणि पथ्ये

निवडणूक आली की 'आघाडी' हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी असतो. १९९९ साली महाराष्ट्रात दोन्ही काँग्रेस पक्ष एकमेकांविरुद्ध लढले आणि निकालानंतर एकत्र येऊन त्यांनी सरकार बनविले. २०१९ साली तर निवडणुकीत समोरासमोर असलेल्या पक्षांची महाविकास आघाडी झाली. हे पाहून आपले अनेक बंधू म्हणतात की आघाडी म्हणजे संधिसाधूपणा. परंतु हा शब्द राजकारण्यांच्या मालकीचा नाही. व्यापारी आणि कारागीर यांनाही आघाडी करावीच लागते. म्हणून तिचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे.

आघाडी म्हणजे विलीनीकरण नव्हे. आपापले वेगळेपण कायम ठेवून, एका ठरावीक कामासाठी, ठरावीक काळापुरते एकत्र येणे म्हणजे आघाडी. यात मने जुळलीच पाहिजेत असे नाही; काम जुळले पाहिजे.

याचे उत्तम उदाहरण मक्का शहरातील व्यापारातच सापडते. यमनमधील जुबैद कबिल्याचा एक व्यापारी माल घेऊन मक्केत आला. आस बिन वाइल या कुरैश सरदाराने माल घेतला आणि पैसे बुडविले. परक्या व्यापाऱ्याची बाजू घेण्यास कोणी तयार होईना. तेव्हा त्याने अबू कुबैस टेकडीवर चढून भर वस्तीसमोर आपली फिर्याद मांडली. मग बनू हाशिम, बनू मुत्तलिब, असद, जुहरा आणि तैम हे कबिले अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमले. अन्याय झालेला माणूस मक्केचा असो वा परका, त्याचा हक्क मिळेपर्यंत आपण सर्व त्याच्या बाजूने उभे राहू, अशी शपथ त्यांनी घेतली आणि व्यापाऱ्याचा माल परत मिळवून दिला. हाच 'हिल्फुल फुजूल' करार. प्रेषित मुहम्मद (स.) त्या वेळी सुमारे वीस वर्षांचे होते व त्या बैठकीस हजर होते. पुढे पैगंबरी मिळाल्यानंतरही, अशा करारासाठी आज कोणी बोलाविले तरी मी जाईन, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या पाच कबिल्यांची ही सोबत सर्व बाबतींत नव्हती. पुढे कुरैशांनी बनू हाशिम व बनू मुत्तलिब यांच्यावर बहिष्कार टाकला, खरेदी-विक्री आणि सोयरीक बंद केली, तेव्हा असद, जुहरा व तैम हे कबिले बहिष्कार टाकणाऱ्यांच्या बाजूस होते. एका कामातला सोबती दुसऱ्या कामात विरोधात जाऊ शकतो. हे ज्याने आधीच ओळखले, त्याची निराशा होत नाही.

तो बहिष्कार सुमारे तीन वर्षे चालला आणि तो मोडला तोही एका छोट्या आघाडीने. हिशाम बिन अम्र हे जुहैर यांच्याकडे गेले. जुहैर म्हणाले, मी एकटा काय करणार? हिशाम म्हणाले, दुसरा मी आहे. मग तिसरा शोधा, असे जुहैर म्हणाले. तिसरे मुतइम बिन अदी मिळाले, त्यांनी चौथा मागितला, चौथे अबुल बख्तरी मिळाले, त्यांनी पाचवा मागितला, पाचवे जमआ. पाचही जण रात्री मक्केबाहेर भेटले, कोण आधी बोलणार हे ठरविले आणि दुसऱ्या दिवशी काबागृहाजवळ बहिष्काराचा लेख उघडपणे नाकारला. त्या वेळी या पाचांपैकी एकानेही इस्लाम स्वीकारला नव्हता. हेतू एवढाच की हा जुलमी लेख राहता कामा नये. बाजारात आपण रोज हेच ऐकतो, 'मी एकटा काय करणार?' त्याचे उत्तर भाषणाने मिळत नाही. दुसरा माणूस दाखविल्यावर मिळते.

आता उलट उदाहरण पाहा. हिजरी सन ५ मध्ये कुरैश, गतफान आदी टोळ्या मिळून मदीनेवर चालून आल्या. सैन्य सुमारे दहा हजारांचे होते. परंतु कुरैशांना जुने वैर काढायचे होते, तर गतफानचा डोळा खजुरांच्या पिकावर होता. मदीनेच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा घेऊन परत जाण्याची बोलणीही त्यांच्याशी सुरू झाली होती. अन्सारच्या दोन्ही सरदारांनी नकार दिल्यामुळे ती पुढे गेली नाहीत. खंदकामुळे वेढा लांबला, एकमेकांबद्दल संशय वाढला, वादळ आले आणि सर्वजण आपापल्या वाटेने गेले. ज्याची किंमत वेगळी ठरू शकते, तो सोबती आघाडीतून आधी फुटतो.

आपल्या राज्यातही हे दिसले. जकातीच्या जागी २०१० पासून महानगरपालिकांत स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी येऊ लागला. २०१३ साली लहान दुकानदार आणि बडे घाऊक व्यापारी यांनी मिळून बंद पाळले. १ ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक उलाढाल पन्नास कोटींपेक्षा कमी असलेल्यांना हा कर माफ झाला. लहानांचे काम झाले. बड्यांवरचा बोजा १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत राहिला. यात कोणी कोणाला फसविले असे नव्हे. अर्धे मिळाले तर थांबायचे की नाही, हे प्रत्येक आघाडीने आधीच ठरवावे, एवढाच बोध घ्यावा.

आता आपल्या धंद्याकडे वळू. समजा, पाच यंत्रमागधारकांनी मिळून ट्रकभर सूत घेतले. प्रत्येकाने आपल्या हिश्श्याचे सूत उचलले व आपले पैसे भरले, तर ती केवळ एकत्र खरेदी झाली. पण पाचांनी मिळून एखादी मोठी ऑर्डर पुरी करून नफा वाटून घ्यायचे ठरविले, तर भागीदारी अधिनियम, १९३२ लागू होऊ शकतो. त्याच्या कलम ८ नुसार एकाच कामापुरती भागीदारी करता येते आणि कलम ४२ नुसार, वेगळे काही ठरले नसेल तर, काम पूर्ण झाले की ती संपते. मात्र कलम २५ विसरू नये. भागीदारीच्या व्यवहारातील देण्याला प्रत्येक भागीदार सर्वांबरोबर आणि एकटाही जबाबदार असतो. एकाने सूतवाल्याचे पैसे थकविले तर सूतवाला उरलेल्या चौघांपैकी कोणाकडेही पूर्ण रक्कम मागू शकतो.

एक धोक्याची सूचनाही द्यावीशी वाटते. भाव ठरवून घेण्यासाठी किंवा माल दडवून टंचाई करण्यासाठी केलेली एकी ही हिल्फुल फुजूल नव्हे. स्पर्धा अधिनियम, २००२ चे कलम ३ असे करार रद्दबातल ठरविते आणि इस्लामनेही साठेबाजीस मनाई केली आहे.

म्हणून एकत्र येण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहाव्यात : काम कोणते, कोणाचे किती पैसे व किती श्रम, मध्येच एखादा निघाला तर काय, आणि काम संपल्यावर हिशेब कोणत्या तारखेला. आपल्यात लिखापढी करणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे अनेकांना वाटते. पण मुदतीचा उधार व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद दिव्य कुरआनने सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत ईमानवंतांनाच उद्देशून दिली आहे.

हिशेब चुकता करून, सलाम करून वेगळे झालेले पाच जण पुढच्या कामाला पुन्हा एकत्र बसू शकतात. ज्यांचा हिशेब राहिला, ते मोहल्ल्यात समोर आले तरी मान वळवितात. आपल्या वस्त्यांत अशी अडकलेली येणी थोडी नाहीत. नव्या आघाडीचा विचार करण्याआधी, ज्यांच्याकडे जुना हिशेब बाकी असेल त्यांनी तो या जुम्याच्या आत पुरा करावा.