साहेब शाळेत काय तपासतात?

साहेब येणार असल्याचा निरोप आला की जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली धावपळ कपाटापाशी होते. हजेरीपत्रक, पोषण आहाराची नोंदवही, समितीचं इतिवृत्त असं सगळं टेबलावर मांडलं जातं. साहेब सह्या करतात, शेरेबुकात ‘उपस्थिती समाधानकारक, परिसर स्वच्छ’ असं लिहितात आणि पुढच्या शाळेकडे निघतात. तिसरीतल्या मुलीला हातच्याची वजाबाकी जमते का, हे पाहायचं राहूनच जातं. जिल्ह्यातले अधिकारी मुलांच्या शिकण्यावर प्रभाव टाकतात तो नेमका इथे. ते जे तपासतात, शाळा त्याचीच तयारी करते.

महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला. जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, बीटला म्हणजे तालुक्यातल्या शाळांच्या एका गटाला विस्तार अधिकारी आणि १९९४ नंतर साधारण दहा-बारा शाळांमागे एक केंद्रप्रमुख, अशी ही उतरंड. यांपैकी कुणी रोज वर्गावर जात नाही. पण शिक्षकाचा वेळ कुठे जाणार, कोणत्या शाळेत किती शिक्षक राहणार आणि प्रशिक्षणात काय शिकवलं जाणार, हे बरंचसं यांच्या हातात असतं.

या अधिकाराचा चांगला वापर झाला की काय घडतं, हे सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटने दाखवलं. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी तिथल्या सुमारे ४० शाळांमधल्या शिक्षकांना सोबत घेऊन ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली. वर्गातल्या फरशीवर शब्द आणि अंकांची जाळी आखली गेली, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि शंभर मण्यांच्या माळा आल्या. दशक म्हणजे काय, हे मूल गठ्ठा सोडून स्वतः मोजू लागलं. शिक्षकही खुर्ची सोडून मुलांमध्ये बसले. राज्यभरातले शिक्षक हे बघायला येऊ लागले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा कुमठ्याचं नाव सर्वतोमुखी झालं.

पुढे अनेक ठिकाणी फरश्या रंगल्या, पण दुसरं कुमठे काही उभं राहिलं नाही. रंगवायला तोंडी आदेश पुरतो. शिक्षकासोबत वर्गात बसून अडचण कुठे आहे ते शोधायला मात्र वर्षं द्यावी लागतात. शाळा ‘प्रगत’ झाल्याचं जाहीर करण्याचा लकडा लागला, की कच्चं मूलही कागदावर पक्कं होतं. आकडा कमी आला म्हणून नोटीस मिळणार असेल, तर खरा आकडा वर कोण कळवेल?

दुसरी अडचण वेळेची. शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे पहिली ते चौथीच्या शाळेत प्रत्येकाकडे दोन वर्ग. तालुक्याच्या बैठकीला एकाला बोलावलं, की दुसऱ्यापुढे चारही वर्ग. तो दुसरा शिक्षक ‘आजच्या आज’ मागितलेली ऑनलाइन माहिती भरत बसला, तर त्या दिवशी शाळा फक्त उघडी असते. मोठ्या शाळेत ही झीज जाणवत नाही, वाडी-वस्तीवर ती लगेच दिसते. त्यामुळे अनावश्यक बैठक रद्द करणं, हाही शिक्षणाधिकाऱ्याचा शैक्षणिक निर्णयच ठरतो.

आता केंद्रप्रमुखांकडे वळू. वर्गाच्या सर्वांत जवळचा अधिकारी तोच. पण ही पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात आणि एकेकाकडे दोन-तीन केंद्रांचा अतिरिक्त कार्यभार येतो. मग त्याची भेट धावती होते आणि केंद्रातल्या शिक्षकांची महिन्याची शिक्षण परिषद परिपत्रकं वाचून दाखवण्यात संपते. जिल्ह्याला निकाल सुधारायचे असतील, तर नवा उपक्रम जाहीर करण्याआधी ही पदं भरावीत. भेटीला आलेल्याने पाच मुलांना चार ओळी वाचायला सांगाव्यात आणि जे मूल अडखळलं त्याच्यासाठी काय करायचं, ते शिक्षकाशी बोलून शेरेबुकात लिहावं. पुढच्या भेटीत त्याच मुलाला पुन्हा वाचायला सांगावं.

गावालाही यात हात घालता येतो. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात. त्यांनी पुढच्या बैठकीत शेरेबुक मागून घ्यावं आणि गेल्या वर्षभरातल्या शेऱ्यांपैकी किती मुलांच्या शिकण्याबद्दल आहेत, ते मोजावं. एकही नसेल, तर ‘असं का?’ हा प्रश्न मुख्याध्यापकांना विचारून भागणार नाही, तो तालुक्याला लेखी विचारावा.